कंदील कोणी धरला होता

मार्च सरत आला की आमच्या मये गावच्या घरामागच्या उतारावरून पिकल्या काजूचा वास खाली यायला लागतो. गोड, आंबूस, थोडा डोक्यात चढणारा. लोकांना ह्या वासानं हुर्राक, काजूची पहिल्या धारेची दारू, आठवते, शहरातल्या पाहुण्यांना सुट्टी आठवते. मला राग येतो. तोंडाला पाणी सुटतं आणि राग येतो, दोन्ही एकदम. कितीतरी वर्षं हे असंच चाललंय. आधी ह्या रागाला पत्ता नव्हता. यंदा तो मिळाला.

माझं माहेर पेडण्यात, धारगळच्या बाजूला. घरामागे डोंगर आणि डोंगरावर काजू. मार्च लागला की आमचं घर डोंगरावर राहायला गेल्यासारखंच असायचं. सकाळी खाली पडलेले बोंडू, म्हणजे काजूची फळं, गोळा करायचे आणि दुपारी आंब्याच्या सावलीत बसून त्यांच्या बिया काढायच्या. बोंडू डाव्या हातात, बी उजव्या हाताच्या बोटांत, एक पीळ दिला की बी सुटी. बोंडवांचा ढीग पुरुषमाणसं खडकात कोरलेल्या कोळमीत नेऊन पायांनी तुडवायची, आणि रस पन्हळीतून मडक्यात गळत राहायचा. त्या रसाचे डाग परकरावर पडले की पडले. दिवाळीतसुद्धा माझ्या अंगावर एप्रिल असायचा. कच्च्या बीचा चीक ओठाला लागला की फोड यायचे, तरी आम्ही पोरं दगडानं बिया फोडून खायचोच. आणि पाचोळा! इतका वाळलेला, की सरडा धावला तरी कोणी माणूस येतोय असं वाटायचं. आता त्या डोंगराचा एक खांदा कापून तिथे प्लॉट पाडलेत, फाटकावर पहारेकरी बसतो आणि डोक्यावरून विमानं जातात. पण पाचोळा वाजतो तो तसाच. मागच्या महिन्यात माहेरी गेले होते तेव्हा मुद्दाम पाय टाकून बघितला.

त्या दुपारी आम्हाला बाप्पा वाचून दाखवायचे. बाप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडील डिचोलीकडे खाणीवर कामाला, महिन्या-महिन्यानं घरी यायचे, त्यामुळे घरात शब्द चालायचा तो बाप्पांचा. वाचनालयातून ते मासिकं आणायचे आणि आंब्याच्या मुळीवर बसून वाचायचे. काय वाचायचे सांगू! म्हातारी आली की आवाज म्हातारीचा, पोलीस आला की पोलिसाचा. बिया काढणाऱ्या बायांचे हात कधी थांबले तेच कळायचं नाही.

त्यांची एक रीत होती. कथा छापलेली असायची दूरच्या कुठल्या गावची, पण वाचताना बाप्पा ती आमच्या गावात आणून सोडायचे. पुण्याचं म्हापसं व्हायचं. गोदावरीची शापोरा नदी व्हायची. आगगाडी आली की तिची कारेर करायचे, कारण आगगाडी आम्हाला कुठे माहीत, आम्हाला म्हापशाला जाणारी कारेर, म्हणजे बस, माहीत. हे बायांनीच मागितलेलं. बांद्याकडून काजूच्या कामाला येणारी शेवंतीमावशी तर बसल्या बसल्या हुकूम सोडायची, "बापू, आमच्या गावचां करून वाच हां. त्या लांबच्या माणसांचां आमका काय पडलांसा?" मग बाप्पा हसून चष्मा सारखा करायचे आणि सुरू. कथेत चित्र असेल तर पान उलटं धरून सगळ्यांना दाखवायचे. आमच्याकडे कथा अशीच ऐकायची असते असं मला वाटायचं. कोणाला काही खोटं वाटत नव्हतं, आणि खरंच, त्यात खोटं काय होतं? गावाचं नाव बदललं म्हणून गोष्ट थोडीच बदलते.

असं मला वाटायचं.

मी चौथी पास झाले त्या काजूच्या दिवसांतली गोष्ट. गोवा मोकळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. गावात मराठी शाळा चौथीपर्यंत, पुढचं हायस्कूल डोंगरापलीकडे. मास्तर एका संध्याकाळी घरी आले, आईनं दिलेला चहा प्याले आणि म्हणाले, "शालूला पुढे घाला. पोर हुशार आहे, घरी बसवू नका." आईनं दुसऱ्याच दिवशी जुन्या चादरीचं दप्तर शिवायला घेतलं. पट्ट्याला दुहेरी टीप घातली. बाप्पा मास्तरांना म्हणाले, "बघूया." एवढंच.

आणि त्याच आठवड्यात बाप्पांनी ती कथा वाचली.

एक मुलगी हायस्कुलातून घरी येतेय. थंडीचे दिवस, लवकर काळोख पडलेला. एका हातात दप्तर, दुसऱ्या हातात आईनं पलीकडच्या गावातून आणायला सांगितलेलं तेलाचं भांडं. वाट आमच्याच डोंगरातली. सातवणाच्या झाडाशी येते तर मागून कोणीतरी विचारतं, "बाये, जड झालां?" ती मागे बघत नाही. चालत राहते. वाट उजळलेली आहे म्हणून तिला बरं वाटतं. घराचे दिवे दिसायला लागतात, आणि तेवढ्यात तिला कळतं की कंदील आपल्या बरोबरीनं चाललाय. काचेवर आतल्या बाजूनं काजळीत पाच बोटांचे ठसे. दारातून आई हाक मारते, "शालू, तुझे दोन्ही हात भरलेले. मगे कंदील कोणी धरलो?"

हो. शालूच म्हणाले बाप्पा. मुलीला त्यांनी माझं नाव दिलं होतं. मुलगी उंबरठ्याच्या आत येतच नाही, आणि सकाळी सातवणाखाली फक्त दप्तर सापडतं, इथे कथा संपली.

त्या दुपारी पाचोळा वाजला तरी मी किंचाळत होते. शेवंतीमावशी तेवढी रागावली. "कोण तो मागून बोलणारो?" तिनं विचारलं. बाप्पा म्हणाले, "देवचार." तशी ती हातातली बी टोपलीत आपटून म्हणाली, "आमचो देवचार असां करणा नाय हां, बापू! तो वाट चुकलेल्याक घराकडे आणून सोडता. पोरीबाळींका खाणारो तो न्हय."

"छापलेलां आसा, शेवंती. पुस्तकात छापलेलां खोटां कसां असात?"

तिनं पुढची बी उचलली. तिला वाचता येत नव्हतं. मला येत होतं. मी म्हटलं, "बाप्पा, चित्र दाखव." आमच्याकडे काकाला अरे-तुरेच. तर ते म्हणाले, "नको, भियेशात," आणि मासिक मिटून बगलेत धरलं. दुसऱ्या दिवशी ते वाचनालयात परतही गेलं.

देवचाराबद्दल इथेच बोलून घेते, कारण त्याचाही मला राग आहे. म्हणजे त्याचा नाही, त्याच्यावतीनं. गावाच्या वेशीवर फिरणारा, हातात दांडा, खांद्यावर घोंगडी. लोक त्याला रोट ठेवतात, विडी ठेवतात, कोणी थोडी दारूही. माझी आजी संध्याकाळी वेशीकडे बघून हात जोडायची, दिवसभर गुरं राखल्याबद्दल. असा राखणदार. त्याला पोरींच्या मागे लावला! माझ्याबरोबर त्याच्याही नावाला बट्टा. त्याला बिचाऱ्याला सांगायला तोंड नाही. मला आहे, म्हणून सांगते.

जून आला. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी आई पेजेचं भांडं पुढ्यात ठेवून म्हणाली, "जातलंस मा उद्या?"

मी म्हटलं, "नाय."

"सारखां सांग."

"नाय जाणां मी."

आईनं माझ्याकडे बघितलं ते मला अजून दिसतं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती उठली. त्या दप्तरात पुढे बरीच वर्षं आमच्या सुक्या बिया असायच्या, आढ्याला टांगलेल्या. दुहेरी टीप होती, कुठेच उसवलं नाही.

तर हे असं. "नाही" मी स्वतःच म्हटलं. कोणी मला अडवलं नाही, कोणी दार लावलं नाही. त्यामुळे घरात एक वाक्य कायमचं बसलं: शालूनं आपणच शाळा सोडली. माझ्या लग्नात ते वाक्य पाहुण्यांना वाढलं गेलं. माझ्या मुलांच्या मुंजीत, भाच्यांच्या लग्नांत, चवथीच्या आरतीनंतर फराळ चाललेला असताना. बाप्पांचा मुलगा प्रकाश माझ्याहून एका वर्षानं लहान. तो दुसऱ्या वर्षापासून त्याच वाटेनं, त्याच सातवणाखालून हायस्कुलात गेला, मोठा साहेब झाला, निवृत्तही झाला. कथा त्यानंही ऐकली होती की! माझ्या शेजारीच बसला होता बोंडू चोखत. पण कथेत पोरगी होती ना, पोरगा नव्हता. त्याला कसली भीती. आणि हाच दरवेळी म्हणायचा, "आमच्या शालूतायक देवचारान शिकूक दिलां नाय!" सगळे हसायचे. मीही हसायचे. माणूस किती वर्षं हसत राहू शकतो त्याला काही हिशेब नाही.

वाचायचं मात्र मी सोडलं नाही. दुकानातून पुडी आली की पुडीचा कागद, सासऱ्यांची पोथी, मुलांची पुस्तकं, मग वाचनालय. आणि इथे मला स्वतःचाच वैताग येतो, कारण हे वेड मला लावलं ते बाप्पांनीच. म्हातारीचा आवाज काढणारे तेच बाप्पा. ज्याचा राग यावा त्याचंच देणं अंगावर असलं की राग धड करतासुद्धा येत नाही.

ती कथा शोधायचं डोक्यात आलं ते नातीमुळे. ती फोनवर भुताचे सिनेमे बघते आणि मिटक्या मारत चिवडा खाते. म्हणाली, "आजी, तुझ्या त्या कंदिलाच्या गोष्टीत भिण्यासारखं काय होतं? आणून दाखव." मी म्हटलं, दाखवते. मलाही बघायचंच होतं. असं काय छापलं होतं त्या पानावर, की मी आयुष्यभर त्याच्या ह्या बाजूला राहिले?

फोनवर जुन्या मासिकांच्या वाचकांचा एक गट आहे. तिथे मी बोलून बोलून मजकूर उतरवला. शाळकरी मुलगी, डोंगर, कंदील, काचेवर आतून बोटं, दारातला तो प्रश्न. उत्तरं काय आली म्हणून सांगू! एक म्हणाले, तुम्ही नाटकात पाहिलं असेल. एक म्हणाले, तुम्ही तीन कथा एकत्र केल्यात. एका विद्वान गृहस्थांनी तर फोनच केला. "आजी, लहानपणीच्या आठवणी अशाच असतात हो. अशी मुलगी त्या काळच्या भयकथेत येणारच नाही. तुमच्या मनानं ती घातली." मी म्हटलं, "माझ्या मनाला काय उद्योग नव्हते?" आणि फोन ठेवला. पुढची बरीच वर्षं दर काजूच्या दिवसांत मी तो मजकूर पुन्हा टाकायचे आणि लोक पुन्हा मला समजावायचे. मुलांनीही समजावलं. ह्या वयात समजावणारे फार मिळतात. शोधणारं कोणी मिळत नाही.

यंदा मिळालं. नार्व्याची स्नेहा. डिचोलीच्या एका वाचनालयात काम करते. माझा मजकूर वाचून तिचा फोन आला, "मावशी, मला वाटतं मिळाली. कंदील आहे. आतून ठसे आहेत. 'तुमचे दोन्ही हात भरलेले, मग कंदील कोणी धरला होता' हे तर जवळजवळ शब्दाला शब्द आहे. फक्त..."

"फक्त काय?"

"त्यात मुलगी नाही."

मी त्याच दुपारी बसनं डिचोलीला गेले. मयेहून लांब नाही, पण त्या दिवशी तो बसवाला प्रत्येक झाडाखाली थांबतोय असं वाटत होतं. स्नेहानं जुन्या अंकांचा बांधलेला गठ्ठा मेजावर ठेवला, पंखा बंद केला, पानं उडू नयेत म्हणून. कसरीनं कडा खाल्ल्या होत्या. पान उघडलं आणि पहिल्यांदा दिसलं ते चित्र. बाप्पांनी जे दाखवलं नाही ते.

चित्रात एक पुरुष. धोतर, कोट, टोपी, पाठमोरा. एका हातात वळकटी, दुसऱ्या हातात ट्रंक.

पोस्टातला कारकून आहे तो. देशावरच्या कुठल्याशा तालुक्याला बदली झालीय, आणि बायकोनं पुढे जाऊन थाटलेल्या बिऱ्हाडाकडे चाललाय. वाट माळावरची, डोंगर नाहीच. झाड बाभळीचं. मागून आवाज येतो, "रावसाहेब, जड झालं?" देवचार नाही, कोणी नाही, कोण ते लेखकानं सांगितलेलंच नाही. कारकून घरी पोचतो, बायको दारात येऊन तो प्रश्न विचारते. मी शेवटच्या पानावर दप्तर शोधत होते. दप्तर कुठून असणार! शेवट असा आहे: रात्रभर त्याला झोप लागत नाही, सकाळी बायको डबा भरून देते, आणि तो पुन्हा त्याच वाटेनं कामावर जातो. कचेरीची वेळ झालेली असते म्हणून.

कामावर जातो!

मी ते वाक्य बोट ठेवून दुसऱ्यांदा वाचलं. स्नेहा घाबरली. "मावशी, पाणी देऊ?" मी म्हटलं, "पाणी नको. मला हे पान पाहिजे." तिनं नक्कल काढून दिली. मग मी तिला सगळं सांगितलं, बियांच्या ढिगापासून. ती ऐकत होती. म्हणाली, "पण मावशी, ते नेहमीच बदलायचे ना? सवयीनं केलं असेल."

हाच विचार मी बसमध्ये करत आले. माणसाला आपल्या माणसाची बाजू घ्यायची खोड असते. सवयीनं केलं असेल. रंगत यावी म्हणून केलं असेल. घरात पोरगी होती, तिचं नाव तोंडावर आलं असेल. बरं, मग चित्र का लपवलं? आणि कारकून कामावर जातो ते का गाळलं? बाभळीचं सातवण केलं, ती रीत झाली. कारकुनाची शालू केली आणि तिला मारून टाकलं, ही रीत नव्हे. मास्तर येऊन गेल्यावर तीन दिवसांत नव्हे. आणि वर शेवंतीला काय म्हणाले? छापलंय. ज्या दोघींना छापलेल्या अक्षराचा मान होता, एक वाचता येत नव्हतं म्हणून आणि एक नुकतं वाचता येऊ लागलं होतं म्हणून, त्या दोघींना त्याच अक्षराचा धाक घातला.

मला कोणी सरळ "नाही" म्हटलं असतं तर मी रडले असते. भांडले असते. जेवले नसते दोन दिवस. मास्तरांकडे धावत गेले असते, वडील खाणीवरून यायची वाट बघितली असती. हरले असते कदाचित, त्या काळी पोरी हरायच्याच. पण मग माझ्याकडे निदान ते भांडण असतं. ह्यांनी काय केलं, स्वतःचा नकार माझ्या तोंडून वदवून घेतला. आणि मग साठ वर्षं माझ्याच तोंडाकडे बोट दाखवून हसले. ह्याला भुताची गोष्ट म्हणत असतील तर ती ही. कंदिलाची नव्हे.

आई गेली. तिला हे दाखवता आलं नाही. ती पेजेचं भांडं ठेवून उठली तेव्हा तिला काय वाटलं असेल? पोरीला शिकायचंच नव्हतं, असं? का तिला ठाऊक होतं, आणि तीही गप्प राहिली? हे मला आता कोणी सांगणार नाही. ह्या प्रश्नाचा तर मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण तो मला पडायलाच नको होता.

वैशाखात माहेरच्या घरी पूजा असते. प्रकाशच करतो आता. मी गेले. सगळे जमले होते, मुलं, सुना, नातवंडं. नैवेद्य झाला, पंगत बसली, केळीच्या पानावर वरणभात वाढून झाला. प्रकाशची लहान नात यंदा पाचवीत जाणार, तिची शाळेची बस फाटकापर्यंत येते, असं तिची आई सांगत होती. प्रकाशनं पाण्याचं भांडं उचललं आणि हसत म्हणाला, "बरां आसा बाबा. नायतर आमच्या शालूताय सारखो देवचार..."

"थांब," मी म्हटलं.

पिशवीतून ती पानं काढली आणि उभी राहिले. पहिल्या वाक्यापासून वाचायला लागले. जसं छापलंय तसं. कारकून म्हणजे कारकून, माळ म्हणजे माळ. मुलं आधी हसली, मग मोठ्यांकडे बघायला लागली. कोणाला कळेना की पूजेच्या पंगतीत ही बाई काय वाचतेय. प्रकाशला कळलं. चित्राचं पान मी त्याच्यापुढे उलटं धरलं, तेव्हा त्यानं भांडं खाली ठेवलं. शेवटचं वाक्य वाचून मी म्हटलं, "शालूनं शाळा सोडली नाय. शालूक शाळा सोडूक लावली. ह्या घरात परत कोण वेगळां बोलल्यार मका चलना नाय."

प्रकाशची सून डावातली आमटी तशीच धरून उभी होती. त्याची नात आईला हळूच विचारत होती, "म्हणजे आजीक कोणी फसयलां?"

"बाबा आता नाय गो, शालूताय," प्रकाश शेवटी म्हणाला. चेहरा उतरला होता त्याचा. "गेलेल्या माणसावर रागावून काय करतलंस?"

"मी आसंय मा पण," मी म्हटलं. "मी खंय गेलंय?"

तो पानाकडे बघत बसला. बाकीचे माझ्याकडे. सगळ्यात मोठी मीच, आणि मी "जेवा" म्हटल्याशिवाय पंगतीत कोणी घास घेत नाही. वरणभातावरचं तूप थिजायला लागलं होतं. नेहमीची मी असते तर लगेच म्हटलं असतं, चला, जेवा रे पोरांनो, निवतंय सगळं.

बराच वेळ म्हटलं नाही.